बेणं कुठलं?

आमच्या हिंगोलीत समुद्र आहे, असं मी ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात. मग मी मोबाइलमधला फोटो दाखवतो. तीन फुटी काचेची टाकी, निळा उजेड, आणि दगडावर उमललेली हिरवी-केशरी बटणं. मागच्या भिंतीवर कालनिर्णय आणि कोपऱ्यात हळदीची पोती. पोती दिसली की खात्री पटते. :)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हिंगोली हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा जिल्हा. सगळ्यात जवळचा समुद्र अरबी, तोही सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरवर. उन्हाळ्यात पारा बेचाळिसच्या पुढे. पाणी बोअरचं, इतकं जड की गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदलावी लागते. अशा ठिकाणी पोवळी पाळणं हा वेडेपणाच. पण औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची वेधशाळा उभारायला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची थरथर आमच्या तालुक्यात मोजायची ठरली असेल, तर साडेचारशे किलोमीटरवरचा समुद्र म्हणजे काहीच नाही, असं मी घरी सांगून पाहिलं. आई म्हणाली, "ते सरकार करतंय. तुझ्या टाकीचं लाइट बिल आम्ही भरतोय."

सुरुवात लॉकडाऊनमधली. मार्च २०२० मध्ये हिंजवडीचं ऑफिस बंद झालं आणि लॅपटॉप घेऊन मी घरी आलो. आधी गप्पी मासे, मग एंजल, आणि डिसेंबरात खाऱ्या पाण्याची टाकी. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं तेव्हापासून ते खूळ डोक्यात होतंच, फक्त पगार यायचा बाकी होता.

आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी, फार तर वैद्यांचं प्रवाळभस्म. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, बहुतेक भूमध्य समुद्रातलं. मी बोलतोय ती रीफवरची पोवळी. हा प्राणी आहे. जेलीफिशच्या नात्यातला, पण एका जागी चिकटून बसणारा. एकेक पॉलिप म्हणजे एक तोंड आणि भोवती शुंडकं. दगडी पोवळी पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून स्वतःखाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. आणि या प्राण्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात साखर तयार करतं, पोवळं त्याला जागा आणि खत देतं. म्हणजे घरमालकाचा स्वयंपाक भाडेकरूकडे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसरा डिग्री जास्त आठवडेच्या आठवडे तापलं की हा भाडेकरू बाहेर पडतो, पोवळं पांढरं पडतं, आणि ते लवकर परतला नाही तर उपाशी मरतं. ब्लीचिंग ब्लीचिंग म्हणतात ते हेच. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवरचं चौथं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं, ते याच एखाद-दुसऱ्या डिग्रीमुळे.

टाकीतही गणित तेच. माझ्या टाकीत दीडशे लिटर पाणी. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे सव्वापाच किलो. (घरातलं मीठ नाही हो. त्यात समुद्राचे बाकीचे क्षार नसतात. वेगळं मिळतं, आणि भाव ऐकून आई अजून सावरलेली नाही.) पाणी आरओचं, त्यावर आणखी एक रेझिनची नळी, टीडीएस शून्य. तापमान पंचवीस-सव्वीस. अल्कलिनिटी आठ-नऊ, कॅल्शियम चारशेच्या वर, नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी नावाला. तांब्याचा अंशही चालत नाही, म्हणजे माशांची अर्धी औषधं बाद. पाणी भरून पहिले पाच-सहा आठवडे टाकीत काही टाकायचं नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर बसेपर्यंत नुसतं खारं पाणी बघत बसायचं. शेजारचे काका रोज विचारायचे, "मासे पळाले का?"

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाणी उडतं पण मीठ उडत नाही. रोज दोन लिटर पाणी उडालं की तितकं गोडं पाणी टाकायचं, नाहीतर खारटपणा चढत जातो. आकडा थोडा चुकला तर एक वेळ चालतो, पण रोज बदलता कामा नये. प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याकडे येतो.

टाकी सहा-सात महिन्यांची झाली तेव्हा औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका छंदिष्टाकडून मी झोअँथिडचे दोन तुकडे आणले. झोअँथिड म्हणजे ती फोटोतली बटणं. सांगाडा नसलेली, चिवट. तुकड्याला या धंद्यात फ्रॅग म्हणतात. मोठ्या वसाहतीचा एक भाग कापायचा, छोट्या चकतीवर चिकटवायचा, की तो स्वतंत्र वाढतो. मी टेबलावर हे करत बसलो होतो (हातमोजे आणि चष्मा घालून, त्याचं कारण पुढे) आणि बाबा मागे उभे राहून बघत होते. बाबांची आयुष्यभर हळद. म्हणाले, "म्हंजे हे बेनंच की."

बरोबर बोलले. हळद बियांनी लावत नाहीत. मागच्या पिकाचे गड्डे राखून ठेवायचे, तेच पुढच्या मोसमाला बेणं. म्हणजे हिंगोली-वसमतच्या शेतातली सेलम हळद ही एकाच जुन्या कंदाचे तुकड्यावर तुकडे होत आलेली, एका अर्थी तेच झाड. पोवळ्याच्या फ्रॅगचंही तेच.

पुढे बाबांनी विचारलं, "कुठलं बेनं हाय?"

हळदवाला पहिला प्रश्न हाच विचारतो. भाव नंतर. कारण बेण्याबरोबर कंदकूज येते, कंदमाशी येते. निरोगी शेतातलं आहे का, ज्याचं आहे त्याचं पीक आपण डोळ्यानं पाहिलंय का, हे विचारल्याशिवाय कोणी पोतं उचलत नाही. आणि आणल्यावरही बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लावत नाही. पोवळ्यांतही तसंच असतं. फ्रॅगबरोबर चपटे कृमी येतात, एप्टेशिया नावाचं तण येतं, म्हणून नवा तुकडा औषधी पाण्यात बुडवून काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. मला हे शिकायला तीन महिने इंटरनेट चाळावं लागलं. बाबांना दोन मिनिटांत कळलं.

त्या नोव्हेंबरात (२०२१) एका शहरातल्या विक्रेत्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. हॅमर कोरल. हातोडीच्या आकाराची हिरवी टोकं, निळ्या उजेडात पेटल्यासारखी. खाली पांढरा दगडी सांगाडा. किंमत माझ्या तेव्हाच्या ईएमआयइतकी. मी अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या बेतात होतो. जेवताना बाबांना फोटो दाखवला, तर पुन्हा तोच प्रश्न. मी विक्रेत्याला विचारलं, कोणाच्या टाकीतलं फ्रॅग आहे? त्याचं उत्तर आलं, "समुद्रातलं आहे सर, एकदम नॅचरल." त्याच्या लेखी ती जाहिरात होती.

त्या रात्री मी कायदा वाचला. आधी वाचायला हवा होता, मान्य. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी दगडी पोवळी आली, काळी पोवळी, अग्निपोवळी आणि समुद्रपंखेही आले. एखाद-दुसरी जात नव्हे, अख्खे गट. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं कैद. मेलेल्या पोवळ्याचा सांगाडासुद्धा यात येतो, म्हणजे किनाऱ्यावरच्या स्टॉलवर शोभेसाठी मिळणारी पांढरी 'फुलं'ही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (१ एप्रिल २०२३ पासून लागू) तर सायटीस करारातल्या परदेशी जाती जिवंत पाळायच्या असल्या तरी नोंदणी लागते, आणि दगडी पोवळी त्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत.

हा कायदा नुसता कागदावर आहे असंही नाही. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर पोवळ्यांच्या अठरा वसाहती निघाल्या, तळहाताएवढ्या जागेतल्या. हजारो कोटींचा रस्ता, पण परवानगी काढून, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेऊन २०२० मध्ये त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. आणि मी कुरिअरनं मागवणार होतो!

हॅमर कोरल मागवलं नाही. पण खरं सांगतो, तेव्हा कायद्याचा रागच आला होता. माझा युक्तिवाद असा: जंगलातला गुलाब तोडू नका, ठीक. पण कुंडीतल्या गुलाबाच्या फांदीनं काय घोडं मारलंय? टाकीत वाढलेलं फ्रॅग समुद्रातून काहीच नेत नाही. उलट टाकीत जितकी वाढतील तितकी समुद्रातली वाचतील. शिवाय टाकीवाल्यांनी पोवळ्यांचं भलंही केलंय. फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांच्या हातून टाकीतलं एक पोवळं चुकून तुटलं, आणि ते बारीक तुकडे नेहमीपेक्षा कितीतरी वेगानं वाढतात असं लक्षात आलं. आज रीफ पुन्हा उभे करायला ती पद्धत वापरतात. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं २०१३ मध्ये बंदिस्त टाकीत ठरवून पोवळ्यांचं प्रजनन घडवलं. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाचा समुद्र उकळायला लागला तेव्हा तिथल्या लोकांनी समुद्रातल्या नर्सऱ्यांमधली हजारो पोवळी उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणली. म्हणजे टाकी वाईट नाही. मग बंदी का?

यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही. पण निष्कर्ष बदललाय.

कारण असं. समजा कायद्यानं उद्या म्हटलं की टाकीत वाढलेलं दगडी पोवळं चालेल. रेल्वे स्टेशनवर पार्सल उघडणाऱ्या वनरक्षकासमोर पिशवीत तीन इंचांचा तुकडा आहे. तो टाकीत वाढला की मन्नारच्या आखातातून छिन्नीनं काढला, हे त्यानं कसं ओळखायचं? मला नाही ओळखता येणार, आणि मी हे चार वर्षं करतोय. ताजा काढलेला तुकडासुद्धा चकतीवर चिकटवून दोन महिने टाकीत ठेवला की फ्रॅगच दिसतो. म्हणजे सवलत मला मिळणार, आणि तिच्या आडोशानं माल समुद्रातला जाणार. इंडोनेशियानं २०१८ मध्ये पोवळ्यांची निर्यात एकदम बंद केली आणि २०२० मध्ये शेतात वाढवलेल्या पोवळ्यांची पुन्हा सुरू केली. त्यांना ते जमवता आलं, कारण त्यांच्याकडे पोवळ्यांची शेती आहे आणि कोणतं पोवळं कोणत्या शेतातलं याचा हिशेब ठेवायची पद्धत आहे. आपल्याकडे बेण्याचा मळाच नाही, तर पावती कोण देणार?

आपण सॉफ्टवेअरवाले लगेच म्हणणार, क्यूआर कोड लावा, अ‍ॅप काढा. मीही एका शनिवारी डिझाइन काढून बसलो होतो. :) पण पहिली नोंदच खोटी असेल तर पुढचा सगळा डेटाबेस खोट्याची नीट सांभाळलेली प्रत होतो. म्हणून माझं मत असं: एखाद्या सरकारी किंवा संशोधन संस्थेची नर्सरी उभी राहत नाही, तिथून पावतीसह पहिलं बेणं मिळत नाही, तोपर्यंत दगडी पोवळ्यांवरची बंदी जशी आहे तशी असावी, आणि आपण हौशी लोकांनीच ती सगळ्यांत कडक पाळावी. 'सगळेच ठेवतात' हे उत्तर नाही. सगळेच ठेवतात म्हणूनच तो विक्रेता 'एकदम नॅचरल' असं अभिमानानं लिहितो.

मग छंद सोडायचा? अजिबात नाही. झोअँथिड, मशरूम, लेदर ही मऊ मंडळी त्या यादीत नाहीत, आणि रंगांत कुठे कमी नाहीत. फक्त यादीत नाहीत म्हणून समुद्रातून ओरबाडायची असं नाही. तिथेही प्रश्न तोच, बेणं कुठलं? ज्याच्याकडून घ्यायचं त्याची टाकी बघा, मूळ वसाहत बघा, कापल्याची खूण बघा. दाखवायला काचकूच करत असेल तर चहा पिऊन परत या. दगड कृत्रिम घ्या, 'लाइव्ह रॉक'च्या नावाखाली रीफचा तुकडा घेऊ नका. आणि जीवाची काळजी म्हणून एक: काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. हातमोजे-चष्म्याशिवाय कापू नका, आणि त्यांचा दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका. त्या वाफेनं घरच्या घर आजारी पडल्याच्या घटना आहेत.

अजून एक गोष्ट लपवायची नाही. मे २०२२ मध्ये वादळानं आमच्या भागातली वीज सतरा तास गेली. इन्व्हर्टर पाच तास चालला. खोलीत अडतीस डिग्री. एरवी आमच्या कोरड्या हवेत टाकीवर नुसता पंखा सोडला की कूलरसारखं पाणी तीन-चार डिग्री उतरतं, पण पंख्यालाही वीज लागते. पाणी बत्तीसवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात पंप बंद. मी आणि बाबा आळीपाळीनं तांब्यानं पाणी उचलून वरून ओतत होतो, पहाटे चारपर्यंत. दोन मासे गेले. लेदर कोरल, जे मी चार बोटांचं आणून ताटलीएवढं केलं होतं, ते तिसऱ्या दिवशी विरघळलं. तो वास आठवडाभर घरात होता. झोअँथिड नऊ दिवस मिटून राहिले आणि दहाव्या दिवशी एकेक करून उघडले.

त्या रात्री तांब्या ओतताना एकच विचार डोक्यात होता. तो हॅमर कोरल मी आणला असता, तर रीफवर कैक वर्षं वाढलेला जीव हिंगोलीच्या बोळात एका वीज जाण्यानं संपला असता. माझ्या चुकीनं माझं फ्रॅग मेलं तर नुकसान माझं. त्याची आई-वसाहत संभाजीनगरात अजून आहे, पुन्हा तुकडा मिळेल. समुद्रातलं मेलं तर त्याला बेणं नाही. दोन्हींतला फरक मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या रात्री नीट कळला.

आता मी महिन्यातले तीन आठवडे पुण्यात असतो. टाकी बाबा बघतात. रोज सकाळी चहाआधी दोन लिटर पाणी, मे महिन्यात चार. वहीत तापमान आणि खारटपणा लिहितात, हळदीच्या हिशेबाच्या वहीतच, मागच्या पानांवर. गेल्या डिसेंबरात त्यांना आणि आईला मालवणला नेलं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती. त्या पाण्यात दगडी पोवळी आहेत, आणि गेल्या दशकात ती पांढरी पडल्याच्या नोंदीही आहेत. बाबा पाण्यात उतरेनात. शेवटी होडीवाल्या दादांनी त्यांना लाइफ जॅकेट घातलं, शिडीला धरायला लावलं आणि मास्क चढवला. त्यांनी तोंड पाण्यात घातलं ते दोन-तीन मिनिटं वर काढलंच नाही, मध्ये श्वासापुरतं सोडून.

वर आल्यावर मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "ह्याला रोज पानी कोन टाकतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मंग ह्याला हात लावायचा नाही," म्हणाले, आणि टॉवेल मागितला.

असो. बाबांचा फोन येतोय, आजचा आकडा सांगायला.